नव्या लॅपटॉपच्या रॅमविषयी माधवास पत्र

पुणे,
१८ जानेवारी २०२६

प्रिय माधव,
सप्रेम नमस्कार.

नव्या लॅपटॉपला रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी तात्पुरती जागा, किती घ्यावी हे विचारणारे तुझे सविस्तर पत्र मंगळवारी मिळाले आणि त्यासोबतची तिन्ही कोटेशनेही नीट वाचली. उत्तराला पाच दिवस लावले याचा राग मानू नकोस. फोनवर "सोळाची रॅम घे आणि मोकळा हो" एवढे सांगून मलाही मोकळे होता आले असते. पण २०२० साली मी स्वतः अशाच दोन मिनिटांच्या सल्ल्यावर लॅपटॉप घेतला आणि त्याचे प्रायश्चित्त गेल्या दिवाळी अंकापर्यंत घेत राहिलो, म्हणून लिहूनच कळवायचे ठरवले.

टाळेबंदीनंतरच्या त्या दिवसांत दुकानांत माल फारसा नव्हता. होता त्यातला एक सडपातळ, दिसायला देखणा लॅपटॉप दुकानदाराने माझ्यापुढे केला. रॅम ८ जीबी होती. "पुढेमागे वाढवता येईल ना?" असे मी विचारले. "येईल की साहेब, कधीही आणा, दहा मिनिटांचे काम," असे उत्तर मिळाले आणि मी पैसे मोजले. दोन वर्षांनी रॅम वाढवायची म्हणून तो एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, तेव्हा त्याने मागचे झाकण उघडले, टॉर्च धरला आणि मला जवळ बोलावले. रॅमची स्टिक जिथे बसते तो स्लॉटच त्या बोर्डावर नव्हता. प्रोसेसरच्या शेजारी नखाएवढ्या काळ्या चिपांची रांग थेट बोर्डाला डाख देऊन बसवलेली होती. "ही काढताही येत नाही आणि हिच्यात भरही घालता येत नाही," असे म्हणून त्याने झाकण लावले आणि माझा चेहरा पाहून पैसेही घेतले नाहीत.

त्यानंतरची तीन वर्षे मी त्या ८ जीबीत कशी काढली ते तुला अर्धवट ठाऊक आहे. गेल्या सप्टेंबरात मात्र कळस झाला. दिवाळी अंकाचे २२४ पानांचे काम इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये उघडलेले, मुखपृष्ठ फोटोशॉपमध्ये, लेखकांच्या वर्डच्या फायली, जाहिरातींच्या पीडीएफ, ब्राउझरमध्ये तीसेक टॅब, व्हॉट्सअ‍ॅप, आणि संपादक सांगलीहून व्हिडिओ कॉलवर. अनुक्रमणिकेत एका लेखाचे शीर्षक बदलायचे होते. मी टाइप केले. पडद्यावर काहीच उमटले नाही. पंखा घोंघावू लागला, खिडकी पांढुरकी झाली, बाणाच्या जागी निळे कडे फिरू लागले आणि शीर्षक बारा-पंधरा सेकंदांनी एकदम अवतरले, तेही दोनदा, कारण दरम्यान उतावीळपणे मी ते पुन्हा टाइप केले होते. ती चूक छपाईला जाण्याआधी मुद्रितशोधकाच्या नजरेस पडली म्हणून निभावले.

त्याच रात्री मी एक गोष्ट केली, जी खरे तर पाच वर्षांपूर्वी करायला हवी होती आणि जी तू नवा लॅपटॉप घेण्यापूर्वी करावीस असा माझा आग्रह आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन मेमरी निवडायची. माझ्या पडद्यावर "इन यूज" समोर ७.५ जीबी दिसत होते, म्हणजे वरवर पाहता आठात सगळे बसले होते. खरी बातमी त्याच्या खाली, "कमिटेड" या शब्दापाशी होती: १८.९. (त्या आकड्याचा फोटो मी मोबाइलवर काढला, कारण त्या अवस्थेत स्क्रीनशॉटचा भारही यंत्राने सोसला असता की नाही, शंकाच होती.) कमिटेड म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांना विंडोजने देऊ केलेल्या मेमरीची बेरीज. रॅममध्ये जे मावत नाही ते आधी दाबून लहान केले जाते आणि तरीही न मावणारे डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये सरकवले जाते. माझी रॅम ८ आणि देऊ केलेली मेमरी जवळजवळ १९, त्यामुळे एका खिडकीतून दुसरीत गेलो की आधीचे उचलून डिस्कवर ठेवायचे आणि नवे डिस्कवरून आणायचे, हाच उद्योग रात्रभर चालला होता.

या उचलठेवीची किंमत किती ते एका हिशेबाने सांगतो. रॅममधून एक माहिती आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीवरून (फिरते भाग नसलेल्या, चिपांच्या डिस्कवरून) आणायला त्याच्या काहीशे पट ते हजार पट वेळ लागतो आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला सुमारे लाखपट. तू प्रूफ वाचताना समोरच्या कागदावरचा शब्द पाहायला एक सेकंद लागतो असे धरलेस, तर एसएसडीवरचा शब्द पाहायला दहा-पंधरा मिनिटे जातील आणि हार्ड डिस्कवरचा शब्द उद्या याच वेळेच्याही नंतर हाती पडेल. म्हणून "एसएसडी वेगवान आहे, रॅम कमी असली तरी चालते" या तुझ्या भाच्याच्या म्हणण्यात निम्मेच तथ्य आहे. एसएसडीमुळे लॅपटॉप मरत नाही एवढेच; तो चालत नाही, रांगतो.

आता तुझ्या कामाकडे येतो, कारण तुझे काम माझ्यापेक्षाही रॅम खाणारे आहे आणि तुला त्याची कल्पना नसावी असे पत्रावरून वाटले. तू लिहितोस की जुन्या नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या पानांची फाइल "जेमतेम पाच एमबीची" असते, मग लॅपटॉप का अडतो? पाच एमबी हा आकडा डिस्कवरचा आहे. जेपेग म्हणजे आवळून बांधलेली वळकटी. पान पाहायचे तर ती उलगडावी लागते. ए-४ आकाराचे पान ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले, तर आडवे सुमारे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके येतात, म्हणजे एकूण जवळजवळ साडेतीन कोटी. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले, तर ते एकच पान रॅममध्ये सुमारे १०० एमबी जागा घेते. डाग काढायला तू त्याच्यावर आणखी एक पूर्ण थर घेतलास की दुप्पट. "मागे घ्या" करता यावे म्हणून प्रोग्रॅम आधीच्या अवस्था जपून ठेवतो, ती भर वेगळी. आठ पाने एकाच वेळी उघडून, शेजारी लिप्यंतराची फाइल आणि शब्दकोशांचे टॅब ठेवून तू काम करतोस, तेव्हा अडतो तो लॅपटॉप नव्हे, तुझ्या आठ जीबीतली उरलेली दोन-तीन जीबी अडते.

ब्राउझरलाही यात सूट देऊ नकोस. आजचे ब्राउझर वेगवेगळ्या संकेतस्थळांना स्वतंत्र प्रक्रियांत चालवतात, त्यामुळे एक बिघडले तरी बाकीची तगतात आणि एका संकेतस्थळाला दुसऱ्याची माहिती चोरणे अवघड जाते. २०१८ साली क्रोमने हे विलगीकरण संगणकांवर जवळजवळ सर्वांसाठी लागू केले, तेव्हा त्यामुळे मेमरीचा वापर दहा ते तेरा टक्के वाढतो हे गूगलनेच सांगितले होते. सुरक्षिततेची ती किंमत आहे आणि मला ती रास्त वाटते. न पाहिलेले टॅब झोपवण्याची सोय आता क्रोममध्ये आहे, ती मी वापरतो. फक्त अर्धवट भरलेला एखादा अर्ज झोपलेल्या टॅबमध्ये राहिला तर तो परत तसाच मिळेल याचा भरवसा धरू नये.

म्हणून आधी हे कर. येत्या आठवड्यात तुझा सर्वांत गर्दीचा दिवस असेल, त्या दिवशी नेहमीचे सगळे उघडे ठेवून, काहीही बंद न करता, दुपारी चारच्या सुमारास तो कमिटेडचा आकडा लिहून ठेव. दोन-तीन दिवस लिही आणि त्यातला मोठा धर. हा आकडा थोडा फुगलेला असतो, कारण काही प्रोग्रॅम मागतात तेवढे वापरत नाहीत. पण उलट बाजूने, रॅम जास्त मिळाली की फोटोशॉपसारखे प्रोग्रॅम हातपायही पसरतात. (फोटोशॉप मूळ मांडणीत उपलब्ध मेमरीच्या ७० टक्क्यांपर्यंत स्वतःसाठी घेऊ शकतो.) माझाच अनुभव सांगायचा तर ८ जीबीच्या यंत्रावर १८.९ कमिटेड असलेले तेच काम आज ३२ जीबीच्या यंत्रावर २४च्या आसपास दिसते. तेव्हा मिळालेल्या आकड्यात पाव भाग मिळव आणि त्याच्या वरचे माप घे. तुझा आकडा १२च्या आत राहिला तर १६ जीबी पुरेल. मला तो १६ ते २० निघेल असे वाटते, आणि तसे झाले तर ३२च घे. ६४ जीबी घेण्याचे कारण आपल्या दोघांच्याही धंद्यात नाही.

आता तुझी कोटेशने. तिसऱ्या कोटेशनात "मेमरी ५१२ जीबी" असे लिहिले आहे, ती रॅम नसून एसएसडी आहे हे तू ओळखले असशीलच. बाजारात हा घोळ सर्रास चालतो. काउंटरवर मेमरी म्हणू नकोस, रॅम म्हण. पहिल्या कोटेशनातला लॅपटॉप सुरेख आहे, १.३ किलो वजन, पडदा उत्तम, रॅम १६ जीबी. पण तिच्यापुढे "एलपीडीडीआर-५एक्स" अशी अक्षरे आहेत, आणि लॅपटॉपच्या कोटेशनात ती अक्षरे दिसली की रॅम बोर्डाला डाखलेली आहे असेच समजून चाल. ही रॅम वाईट मुळीच नसते. ती वेगवान असते आणि बॅटरी कमी खाते, म्हणून तर सडपातळ लॅपटॉपांत ती घालतात. मात्र अशा लॅपटॉपची रॅम खरेदीच्या दिवशी जेवढी असेल तेवढीच मरेपर्यंत राहते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००-व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर येते, १६ किंवा ३२, तिसरा पर्याय नाही. मॅकबुकचेही तेच. ऑक्टोबर २०२४मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक एअरची सुरुवातच १६ जीबीपासून केली हे बरे झाले, पण वाढ पुढे नाहीच. तेव्हा पहिला लॅपटॉप मनात भरला असेल तर तो ३२ जीबीचा मिळत असल्यासच घे, एरवी माझ्या वाटेने जाऊ नकोस.

दुसरे कोटेशन मला सर्वांत पटले. वजन १.७ किलो, रूप बेताचे, पण डीडीआर-५ या चालू पिढीच्या रॅमच्या दोन स्लॉटांपैकी एकात १६ जीबीची स्टिक आणि दुसरा रिकामा. हे कोटेशनावरून नक्की होत नाही, म्हणून दुकानातला मांडलेला नग चालू करायला सांग आणि तोच टास्क मॅनेजर उघड. खालच्या कोपऱ्यात "स्लॉट्स यूज्ड" समोर "१ ऑफ २" आणि "फॉर्म फॅक्टर" समोर "एसओडीआयएमएम" (म्हणजे काढता-घालता येणारी स्टिक) दिसले पाहिजे. तिथे "रो ऑफ चिप्स" असे दिसले तर तो डाखलेला माल. नोव्हेंबरात मी एका दुकानात हे करून पाहिले. विक्रेता "वाढते साहेब, बिनधास्त वाढते" म्हणत होता आणि त्याच्या हातातल्या लॅपटॉपवर "रो ऑफ चिप्स" ही अक्षरे ठळक दिसत होती. त्याला मी ती दाखवली, तेव्हा तो बिचारा मनापासून चकित झाला. त्याला फसवायचे नव्हते, त्याला माहीतच नव्हते. २०२०च्या माझ्या दुकानदाराबद्दलचा राग त्या दिवशी जरासा निवळला. काही लॅपटॉपांत ८ जीबी डाखलेली आणि जोडीला एक स्लॉट अशी मिश्र रचना असते. तीही चालते, त्या स्लॉटात १६ टाकली की २४ होतात, आणि तुझा आकडा फार मोठा निघाला नाही तर तेवढ्यावरही भागू शकेल.

रिकाम्या स्लॉटात जी स्टिक घालशील ती पहिलीच्याच मापाची आणि वेगाची घे. दोन स्टिक जोडीने चालल्या की रॅमशी होणारी देवाणघेवाण दुप्पट रुंदीच्या वाटेने होते, आणि तुझ्या लॅपटॉपात वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्याने पडद्यावरचे सगळे चित्र याच रॅममधून उचलले जाणार आहे. मोठी स्कॅन पाने सरकवताना त्याचा फरक डोळ्यांना जाणवतो. तुझ्या जुन्या लॅपटॉपातली रॅम काढून नव्यात घालण्याचा तुझा विचार काटकसरीचा असला तरी जमणारा नाही. ती डीडीआर-४ आहे, तिला २६० पिना आणि खाच वेगळ्या जागी; डीडीआर-५ला २६२. जोर लावशील तर स्लॉट मोडेल.

भावाचे मात्र दुखणे आहे. १६ जीबीची डीडीआर-५ स्टिक मी गेल्या उन्हाळ्यात चौकशीपुरती विचारली होती; नोव्हेंबरात प्रत्यक्ष घेतली तेव्हा तिला जवळजवळ दुप्पट मोजावे लागले आणि आता ती त्याच्याही वर गेली आहे. रॅमच्या चिपा जगात मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली आहे की तिघींचाही कल तिकडे माल वळवण्याकडे आहे. मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रूशियल या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदाच आवरता घेत असल्याचे जाहीर केले. आपण वर्षानुवर्षे त्याच नावाच्या स्टिक घेत आलो. "आता १६ वर घेतो, भाव उतरले की वाढवीन" असे तू लिहिले आहेस. स्लॉट रिकामा असेल तर हा विचार चुकीचा नाही. पण भाव लवकर उतरतील या भरवशावर राहू नकोस. शक्य असेल तर दुकानदाराकडून ३२चीच किंमत लिहून घे आणि दोन्ही स्टिक एकाच बिलात, लॅपटॉपच्या वॉरंटीसह मागून घे. मागाहून स्वतः झाकण उघडल्यास वॉरंटी राहते का, हेही त्याच वेळी लेखी विचार, कारण याबाबत प्रत्येक कंपनीची रीत निराळी आहे. तू जीएसटीत नोंदणी केली आहेस, तेव्हा बिलावर तुझा नंबर पडू दे. १८ टक्क्यांचे क्रेडिट मिळेल ते एका स्टिकचा बराच भाग भरून काढील.

भाच्याने सुचवलेला तिसरा, गेमिंगचा लॅपटॉप त्याला लखलाभ असो. अडीच किलो वजन, विटेएवढा चार्जर आणि ग्राफिक्स कार्डाला मोजलेले पैसे, ज्या कार्डाला तुझ्या पानांत फारसे काम नाही. प्रोसेसरच्या बाबतीतही आय-९साठी अडून बसू नकोस. मधल्या प्रतीचा चालू पिढीतला कोणताही प्रोसेसर तुझे काम हसत करील. तो वाचलेला पैसा रॅमकडे आणि १ टीबीच्या एसएसडीकडे वळव. पडदा १६:१० प्रमाणाचा असला तर पानाच्या दोन ओळी जास्त दिसतात, एवढे पाहा.

बजेट अगदीच ताणले जात असेल तर आणखी एक वाट आहे. मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरारातून परत आलेले ऑफिसच्या प्रतीचे लॅपटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडला वा दिल्लीत नेहरू प्लेसला मिळतात. त्यांतले जाडसर, जुन्या धाटणीचे लॅपटॉप बहुधा दोन स्लॉटांचे असतात आणि त्यांना डीडीआर-४ रॅम लागते, म्हणजे तुझी जुनी स्टिक तिथे कामी येऊ शकेल. इंटेलची आठवी पिढी वा त्यापुढचीच घे, नाहीतर विंडोज ११ न चालण्याची तीच अडचण पुन्हा दारात उभी राहील, जिच्यामुळे तुझा सातव्या पिढीचा लॅपटॉप आज निवृत्त होतो आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला असला तरी सुरक्षिततेची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येते. ती घेऊन ठेव, म्हणजे आकडा मोजण्याएवढी उसंत तुला नक्की मिळेल.

मी शेवटी काय घेतले ते विचारले आहेस. तुझ्या दुसऱ्या कोटेशनाचाच थोरला भाऊ. दुकानातून आणल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून झाकण उघडण्याची परवानगी ईमेलवर घेतली, लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून टेबलावर पालथा घातला, दहा स्क्रू ओल्या चहाच्या बशीत नव्हे तर कोरड्या वाटीत ठेवले (हा सल्ला अनुभवाचा आहे) आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डाने कडेने झाकण सोडवले. नवी स्टिक तिरकी धरून स्लॉटात सरकवली, हलकेच खाली दाबली आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या कड्या "टक्" करून बसल्या. पहिल्यांदा चालू केले तेव्हा पडदा मिनिटभर काळाच राहिला आणि माझ्या पोटात गोळा आला. नव्या रॅमची ओळख करून घ्यायला डीडीआर-५ची यंत्रे पहिल्या खेपेला एवढा वेळ घेतात, हे मला मागाहून कळले. तुझ्या बाबतीत तसे झाले तर घाबरून बटण दाबू नकोस. मग टास्क मॅनेजरमध्ये "२ ऑफ २" दिसले, आणि मी तेच २२४ पानांचे काम, तेच मुखपृष्ठ आणि तेच तीस टॅब मुद्दाम उघडून अनुक्रमणिकेतले ते शीर्षक पुन्हा टाइप केले. अक्षरे बोटांबरोबर उमटली.

वहिनींना नमस्कार सांग. पुढच्या रविवारपर्यंत तुझा कमिटेडचा आकडा आणि दुकानातल्या त्या नगाच्या टास्क मॅनेजरचा फोटो मला पाठव. ते दोन्ही पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा,
श्रीकांत